कनातीतला व्याही

सोमवार, २ जून. वारा पश्चिमेचा, बेताचा. आकाश निरभ्र.

कालिनाने दुपारी बिटाचं सूप दोनदा मागून घेतलं आणि मग हळूच बॉम्ब टाकला. तिच्या होणाऱ्या सासूसासऱ्यांनी, म्हणजे हेनिंगच्या आईबाबांनी, गुड्रुनबाई आणि एकार्टसाहेबांनी, आम्हा नवराबायकोला पंधरा तारखेच्या रविवारी कॉफीला बोलावलंय. मी म्हटलं, जाऊ की, निळा सूट इस्त्री करून ठेवा. तर पोरगी सुपात बघत म्हणाली, "बाबा, सूट नाही लागणार. रविवारी ते समुद्रावर असतात."

"कुठल्या समुद्रावर?"

"त्यांच्या नेहमीच्या. हद्दीपलीकडे, पहिल्या वळणावर."

हद्दीपलीकडे पहिल्या वळणावर जर्मन लोक काय करतात ते आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तसे काही करत नाहीत. बसतात, चेंडू खेळतात, शब्दकोडी सोडवतात, पण अंगावर चिंधी न ठेवता. अठ्ठावीस वर्षं मी त्या हद्दीवर जकात अधिकारी होतो. माझ्या खिडकीतून तो किनारा स्वच्छ दिसायचा, आणि नोंद असावी म्हणून लिहितो, मी कधी दुर्बीण लावली नाही. डिसेंबरात पोलंड आणि जर्मनीमधलं कुंपण काढलं, माझी चौकी उचलून नेली आणि मला पेन्शन दिली. ही वही त्याच चौकीतली, उरलेली. रोज वारा लिहायची सवय काही गेली नाही.

"कपडे घालून गेलं तर?" मी विचारलं.

"चालेल. पण तिथे कपड्यात बसणारा नुसता बघायला आलाय असं धरतात. हेनिंगच्या आत्याचा नवरा एकदा तसा बसला होता. पंधरा वर्षं झाली, अजून त्याला सगळे 'विजारवाले' म्हणतात."

मी सांगितलं, मला जमणार नाही. कालिनाने चमचा खाली ठेवला. म्हणाली, "ऑगस्टात लग्न आहे, बाबा. ईस्टरला तुम्ही त्यांच्याशी चार शब्द बोलला नाहीत. तुम्हाला जर्मन व्याही नकोत असं त्यांना वाटतंय. मलाही आता तसंच वाटायला लागलंय." एवढं बोलून सायकल घेऊन निघून गेली.

बुधवार, ४ जून. वारा तोच.

ब्रोन्याला, म्हणजे माझ्या बायकोला, या प्रकाराची काडीचीही लाज वाटत नाही. तिने उन्हाचं मलम दोन बाटल्या आणलं. एक नेहमीचं, एक 'जिथे कधी ऊन लागलेलं नाही तिथल्यासाठी'. दुकानातल्या बाईला हे असंच सांगून आणलं म्हणे. उद्यापर्यंत सगळ्या गावाला कळेल.

"अहो, एवढं काय घाबरायचं," ती म्हणाली. "तुमच्याकडे असं काय आहे, जे त्या लोकांनी कधी पाहिलं नाही?"

मी म्हटलं, हा धर्माचा प्रश्न आहे. तर म्हणाली, जाऊन विचारा मग. गेलो. पाद्रीबाबांना आडवळणाने विचारलं की समजा, एखादा सज्जन माणूस समुद्रात विनावस्त्र उतरला, तर ते कोणतं पाप. ते कबुलीजबाबाच्या जाळीपलीकडे आधी खाकरले. मग म्हणाले, "जूनमध्ये पाणी फार गार असतं, झेनॉन. जपून." म्हणजे तिकडूनही सुटका नाही.

जेवताना ब्रोन्याने पुन्हा मिशांचा विषय काढला. तीस वर्षांच्या मिशा ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी का उडवल्या, आणि घरातसुद्धा काळा चष्मा का लावता. मी म्हटलं, डोळे आलेत. ती म्हणाली, अडीच महिने?

शनिवार, ७ जून. वारा पडलेला. उकाडा.

वहीत खोटं लिहायचं नाही हा नियम मी नोकरीत पाळला, तो इथेही पाळतो.

१९९६ च्या फेब्रुवारीत वरून खबर आली होती. चर्चमधली जुनी चांदी पलीकडे जाते आहे, नेणारा माणूस ताठ चालतो, अंगाला बांधून नेतो. दोन दिवसांनी एक जर्मन पायी हद्दीवर आला, आणि ताठ चालत होता. मी त्याला आतल्या खोलीत घेतलं. आम्ही तिघे अधिकारी होतो. शेगडीचा धूर होत होता म्हणून खिडकी उघडी ठेवली होती. जर्मन मला समजतं बरंच, पण बोलता येतात ती पंधरा वाक्यं. थांबा, उघडा, हे काय आहे, सगळं टेबलावर ठेवा, एकेक करून, वळा. त्याने एकेक करून सगळं काढलं. कमरेला रुंद पट्टा होता. तोही काढायला लावला. खाली टाके होते, ताजे, हर्नियाचे. पट्ट्याची शिवण उसवून बघितली. चाळीस मिनिटं. वहीत मी लिहिलं, 'तपासणी केली. निरंक.' माफी मागितली नाही. आमच्यात तशी पद्धत नव्हती.

ईस्टरला एकार्टसाहेब आमच्या दारात वाकून बूट काढायला लागले आणि त्यांनी उजवा हात पोटाशी धरला. मी तिथेच ओळखलं. माणूस विसरायचा नाही हीच तर माझी नोकरी होती. त्यांनी मला ओळखलं नाही, पण तेव्हा मी टोपीत होतो ना. म्हणून मिशा गेल्या. म्हणून चष्मा. आणि तोंड उघडलं तर आवाज ओळखतील, म्हणून चार शब्दही बोललो नाही.

कालिनाला वाटतं, तिचा बाप नाक्यावर बसून पासपोर्टवर शिक्के मारायचा आणि शाळेच्या सहलींना टाटा करायचा. लहानपणी ती शाळेत तसं सांगायची. एकार्टसाहेबांनी ओळखलं तर तिला कळेल. मग ती माझ्याकडे कशी बघेल, ते मला बघायचं नाहीये. नागडेपणाचं काही नाही. म्हणजे आहे, पण त्यामानाने काहीच नाही.

गुरुवार, १२ जून. वारा वायव्येचा.

सरावासाठी बाथरूममधल्या आरशासमोर तसा उभा राहिलो. मोजे ठेवले होते. ब्रोन्याने दार उघडलं, बघितलं, "मोजे काढा, चोर वाटताय," म्हणाली आणि दार लावून गेली.

जायचं ठरवलंय. कालिना फोनवर आईशीच बोलते, मला 'बाबांना सांग' एवढंच. हे फार दिवस चालणार नाही मला.

रविवार, १५ जून. संध्याकाळ. वारा ईशान्येचा, जोराचा.

सगळं क्रमाने लिहितो.

कॉफी अकराला होती. मी सहाला निघालो, कारण समुद्रावर जागा पहाटे धरायची असते, हे आमच्या किनाऱ्यावर तान्ह्या बाळालाही कळतं. खांद्यावर पंधरा मीटरची कापडी कनात, दांडे, लाकडी हातोडा आणि डब्यात कटलेटं, ब्रेड, खारवलेल्या काकड्या, उकडलेली अंडी. ब्रोन्या मागून येणार होती. कालिना आणि हेनिंग येणार नव्हते, एवढी दया देवाने केली.

पलीकडचा किनारा रिकामा होता. मी दांडे ठोकले आणि कनात चारी बाजूंनी नीट बंद केली. दार ठेवलं नाही. आत उडी मारून गेलो, कपडे काढले, घडी केली, टोपी आणि चष्मा तेवढा काढला नाही. खाली टॉवेल, वर आकाश, चहूकडे निळे-पांढरे पट्टे. म्हटलं, अशा रीतीने मी नागडा किनाराही पाहिला आणि किनाऱ्याने मला पाहिलं नाही. फार बरं वाटलं.

दहाच्या सुमारास लोक येऊ लागले. आवाज ऐकू येत होते. विचित्र असं की माझ्या कनातीपाशी आले की सगळे कुजबुजत. एक आई मुलाला गप्प करत होती. पावलं लांबून वळसा घालून जात. मला वाटलं, बघा, किती सभ्य लोक. मग वाळूत दबकी पावलं आली, कनातीवरून एक पांढऱ्या केसांचं डोकं उगवलं आणि एक वृद्ध बाई आत डोकावल्या. मी तेव्हा उकडलेलं अंडं खात होतो.

त्यांच्याकडे वाळूत अंडी घालणारा एक लहानसा पक्षी आहे. घरटं सापडलं की सरकारी माणसं त्याभोवती कुंपण घालतात आणि लोक जिवापाड जपतात. बाई अंडी बघायला आल्या होत्या. त्यांनी अंडं बघितलं, मला बघितलं, "मोठा आहे," म्हणाल्या आणि शांतपणे निघून गेल्या. थोड्या वेळाने सबंध किनारा हसत होता.

त्या हसण्यातच कनातीवरून दुसरं डोकं आलं. एकार्टसाहेब. "सुप्रभात, व्याहीबुवा," म्हणाले. ते जर्मन सावकाश बोलतात आणि अधूनमधून आमच्या बाजारातून उचललेलं पोलिश घालतात. "आम्हाला आत घेताय की तुम्ही बाहेर येताय?"

शेजारीच ब्रोन्या उभी होती. अंगावर फक्त गवती टोपी. आल्या आल्या उतरवलं म्हणे सगळं, गुड्रुनबाईंना अवघडल्यासारखं व्हायला नको म्हणून. "अहो, या आता," ती म्हणाली. "केक वाळतोय."

कनात काढली. काढताना दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे जे झाकायचं ते झाकता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर कुणी बघितलंही नाही. त्यांची जागा पंधरा पावलांवर होती. त्यांच्याकडे कनात नसते. वेताच्या मोठ्या खुर्चीभोवती फावड्याने वाळूचा गोल बांध घालतात, गुडघाभर उंच, थापून गुळगुळीत केलेला. म्हणजे कुंपण त्यांनाही लागतंच. हे मी ब्रोन्याला म्हटलं. ती म्हणाली, त्यांच्या कुंपणावरून माणूस दिसतो.

हस्तांदोलन झालं. आपण कसे आहात, आपला प्रवास कसा झाला. आपला प्रवास नऊशे मीटरचा होता. चार साठीची माणसं, कुणाच्या अंगावर सूत नाही, आणि बोलणं सगळं वकिलाच्या ऑफिसातलं. पाच मिनिटांत ब्रोन्या आणि गुड्रुनबाई एकमेकींना पोटऱ्यांवरच्या निळ्या शिरा दाखवत होत्या. भाषा एकीला एक येते, दुसरीला दुसरी, पण शिरांचं सगळं कळलं दोघींना. मी नजर एकार्टसाहेबांच्या गळ्याच्या वर ठेवली होती. तरी व्रण दिसला. पांढरा, वीतभर, उजवीकडे. मी कटलेट पुढे केलं. त्यांनी खाल्लं, छान म्हणाले. मी मान हलवली. अर्धा तास मी मानेनेच बोललो.

मग गुड्रुनबाई केक घेऊन आल्या. एका हातात केक, दुसऱ्यात चार बशा, काखेत थर्मास, आणि बशा घसरू लागल्या. मला मदत करायची होती. देवाशपथ, फक्त मदत करायची होती. तोंडून निघालं, "थांबा! सगळं इथे ठेवा. एकेक करून."

गुड्रुनबाई जागीच थांबल्या. त्यांनी खरोखर एकेक करून ठेवलं. आधी थर्मास, मग बशा, मग केक.

एकार्टसाहेबांचा हात कपापाशी होता, तो तिथेच राहिला. ते माझ्याकडे बघत होते. चष्म्याकडे, मग ओठांच्या वर, जिथली कातडी अजून पांढरी आहे. मग ते उठले. "व्याहीबुवा, पाण्यात जाऊन येऊ."

पाणी बर्फासारखं. ते छातीपर्यंत गेले. मी गुडघ्यांपाशी थांबलो होतो, त्यांनी हाताने बोलावलं, मी कमरेपर्यंत गेलो. तेव्हा त्यांनी विचारलं, "मिशा होत्या?"

"होत्या."

"खिडकी उघडी होती."

"हो."

मला माफी मागायची होती आणि माझ्या पंधरा वाक्यांत ते वाक्य नव्हतं. अठ्ठावीस वर्षांत लागलंच नाही. पोलिशमध्ये म्हणालो, मला माफ करा. गर्दीत धक्का लागला तर आपण म्हणतो तेच शब्द. ते त्यांना बाजारातून माहीत होते.

ते बराच वेळ पाण्यावर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "मी दोन वर्षांचा होतो तेव्हापासून या किनाऱ्यावर असाच बसतोय. माझ्या मास्तरांनी मला असं बघितलंय, डॉक्टरांनी, कारखान्याच्या मॅनेजरने. मीही त्यांना बघितलं. नागडं असण्याचं मला काही नाही. पण त्या खोलीत तुम्ही तिघे कोटात होता. आणि शेवटी तुम्ही माझ्याकडे न बघता 'पुढचा' म्हणालात. मी अजून पट्टा बांधत होतो."

वाईट वाटत होतं, आणि थंडीने दातही वाजत होते.

"आता वळा," ते म्हणाले. जर्मनमध्ये, माझ्याच आवाजात. हुबेहूब.

मी वळलो. हात आपोआप वर गेले. किनाऱ्यावरून ब्रोन्या आणि गुड्रुनबाई बघत होत्या, ती पांढऱ्या केसांची बाईसुद्धा बघत होती. ब्रोन्याने केकचा तुकडा उंचावून दाखवला, तिला वाटलं मी तिला हात करतोय. पाठीमागे काही हालचाल नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग मागून आवाज आला, "काही नाही सापडलं. पुढचा." आणि ते हसायला लागले, असे की तोल जाऊन पाण्यात बसले. मीही हसलो असेन. डोळ्यांत पाणी गेलं होतं, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

परत येताना त्यांनी विचारलं, "कालिनाला माहीत आहे?"

"नाही."

"मी कुणाला सांगणार नाही. तुम्ही सांगा."

वर आल्यावर गुड्रुनबाईंनी विचारलं, काय चाललं होतं. ते म्हणाले, जुनी ओळख निघाली. रूबार्बच्या आंबट देठांचा केक होता. मी तीन तुकडे खाल्ले.

सोमवार, १६ जून. वारा लिहिला नाही.

दुसऱ्या बाटलीतलं मलम लावायचं राहून गेलं होतं. दिवसभर उभा आहे.

बुधवार, १८ जून. वारा दक्षिणेचा.

कालिना आईला लग्नाच्या पाहुण्यांची यादी दाखवायला आली होती. ब्रोन्याकडून तिला कनातीची, अंड्याची सगळी गोष्ट कळलेली, हसून हसून पुरेवाट झाली पोरीची. इतक्या दिवसांनी माझ्याकडे बघून हसत होती. मला वाटलं, राहू दे. एकार्टसाहेब सांगणार नाहीत म्हणालेत. ते शब्दाचे पक्के आहेत. कुणाचं काय बिघडतंय.

मग ती म्हणाली, "बाबा, हेनिंगचे बाबा म्हणत होते, तुम्ही फार धीराचे आहात." तेव्हा मात्र मला बसवेना. तसंही बसवत नव्हतंच.

सांगितलं. तारखेपासून. खबर, खोली, पट्टा, टाके. वहीत जसं लिहिलं होतं तसंच.

तिने एकच विचारलं, "किती वेळ?"

"चाळीस मिनिटं."

यादी घडी घालून पिशवीत ठेवली आणि गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. ब्रोन्या ओट्यापाशी उभी होती. म्हणाली, "मला वाटत होतं असंच काहीतरी असेल. मिशांवरून." मग माझ्यासाठी चहा केला.

शनिवार, २१ जून. वारा दक्षिणेचा.

फोन नाही. दोनदा रिसीव्हर उचलून बघितला, चालू आहे.

ब्रोन्या म्हणते तिला वेळ द्या. देतोच आहे. दुसरं काय आहे माझ्याकडे.

मंगळवार, २४ जून. वारा पश्चिमेचा, बेताचा.

दुपारी आली. जेवली नाही. टेबलाशी माझ्यासमोर बसली, आणि चष्मा काढा म्हणाली. काढला. बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मीही बघितलं. खाली बघावंसं वाटत होतं, पण म्हटलं, नको.

"मला फार राग आलाय," ती म्हणाली. "अजून आहे. शाळेत मी तुमच्याबद्दल सगळ्यांना काय काय सांगायचे."

"माहीत आहे."

"लग्नाच्या दिवशी चर्चला निघण्याआधी तुम्ही आणि आई आम्हाला आशीर्वाद देणार, आणि हेनिंगचे आईबाबा मागे भिंतीशी उभे राहणार, असं ठरलं होतं. त्यांच्यात तसं काही नसतं म्हणून. आता मला एकार्टबाबा पुढे हवे आहेत. तुमच्या शेजारी. आणि विचारायचं तुम्ही. हेनिंगमार्फत नाही, माझ्यामार्फत नाही. त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या भाषेत."

मी म्हटलं, विचारतो, पण माझ्या जर्मनमध्ये विचारायचं वाक्य नाही. ती म्हणाली, म्हणूनच. तिने ते जर्मन वाक्य पोलिश उच्चारांप्रमाणे कागदावर लिहून दिलं. 'आमच्या शेजारी उभे राहून मुलांना आशीर्वाद द्याल का?' मी म्हणून दाखवलं.

"बाबा, हा हुकूम झाला. पुन्हा."

पुन्हा म्हटलं. ती म्हणाली, आता तुम्ही त्यांची बॅग मागताय. पुन्हा. शेवटचा शब्द वर न्यायचा, सोडून द्यायचा, समोरचा नाही म्हणू शकतो असं वाटलं पाहिजे. पुन्हा. ब्रोन्या आतून म्हणाली, माझ्याकडे मीठ मागता तेव्हाही असंच मागता. पुन्हा. पाचव्या वेळी मी टेबलावर बोट ठेवलं होतं, तिने ते उचलून बाजूला केलं. आठव्या वेळी जरा बरं, म्हणाली.

अकराव्या वेळी म्हटलं तेव्हा 'पुन्हा' आलं नाही. वर बघितलं तर रडत होती. मी विचारलं, पुन्हा चुकलं का. तिने मान हलवली, नाही म्हणाली, आणि मी पुढे केलेलं ताटलीतलं पाव-लोणी घेऊन खाल्लं.

म्हणजे उच्चार जमला असावा. उद्या नऊला जाऊन विचारतो.